गंगाक्का खाली बसत नसत

गंगाक्का कधी खाली बसत नसत. कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या तर दाराशी उभ्या राहूनच कुंकू लावून घेत. जेवणाची पंगत जमिनीवर असली की ओढणी खोचून वाढायला लागत आणि मागून ओट्यापाशी उभ्यानं, नाहीतर एखाद्या उंच खुर्चीवर जेवत. मैदानावर पळणं संपलं की आम्ही पाच-सहा बायका गवतावर अंग टाकून द्यायचो. त्या मात्र कट्ट्याच्या वरच्या पायरीला टेकून आमच्याकडे बघत राहायच्या. "आक्का, बसा की जरा," असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं होतं.

"मी लोखंडाची बाई हाय गं. बसलो की गंजतो."

आमच्या बेळगावकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, त्यामुळे त्यात कुणाला वेगळं काही वाटत नसे. हसू मात्र सगळ्यांना यायचं. मलाही यायचं.

माझी ओळख झाली तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. शहरातल्या एका हायस्कुलात तीस वर्षं पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर खानापूर तालुक्यातलं गुंजी, शेतकऱ्याचं घर. कॉलेजसाठी बेळगावला यायचं तर सकाळची एकच गाडी सोयीची, आणि घर स्टेशनापासून लांब, शेतात. "शेण काढून, भाकऱ्या थापून निघायचो. तवर शिट्टी झालेली असायची. मला पळायला कुणी मास्तरनं शिकवलं न्हाय, गाडीनं शिकवलं," असं त्या सांगत. उंच, सडपातळ, सावळ्या. केस बारीक कापलेले. सलवार-कमीज कुठलाही असो, गळ्यात शिट्टी. शाळा सुटली होती, शिट्टी सुटली नव्हती.

मी वडगावच्या विणकराच्या घरातली. आमच्याकडे चार यंत्रमाग. लहानपणी सुताच्या कांड्या भरायच्या आणि मोठी झाल्यावर मागापाशी उभं राहून तुटलेले धागे जोडायचे, हे माझं काम. लग्नानंतर एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तिथंही दिवसभर उभंच. धाकट्या मुलीच्या वेळी कंबर जी धरली ती सुटलीच नाही. बसमध्ये वीस मिनिटं बसले तर उतरताना आधी दांडा धरून सरळ व्हायचं आणि मग पाय टाकायचा. आई म्हणायची, "तू ल्हानपनापासनं बदकागत चालतीस, त्येच्यात काय नवं?" डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं, म्हणून मी मैदानावर जायला लागले. तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मागून शिट्टी वाजली.

"ए बाई, उजवा पाय तुझा न्हाय काय?"

मी थांबले.

"डावा टाकतीस आणि उजवा वडून आणतीस. किती दिवस झालं?"

"कंबर दुखते," मी म्हणाले. "सहा वर्षं झाली."

"धापैकी किती?"

मला कळेना.

"दुखणं गं. काय बी न्हाय म्हंजे शून्य, आणि बाळंतपणाची कळ म्हंजे धा. आज किती?"

सहा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. दुखतंय का, एवढंच सगळे विचारत. मी जरा विचार करून म्हणाले, "पाच."

"मग आज घरी जा. उद्या तीन असलं तर ये."

पुढचं दीड वर्ष त्यांनी मला जे शिकवलं ते खोटं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. सकाळी डोळे उघडले की पाय जमिनीला लावायच्या आधी पलंगावरच गुडघे दुमडून पाठीवर पडायचं आणि बूड वर उचलून धरायचं, वीस आकडे मोजेपर्यंत. असं दहा वेळा. "कंबर बिचारी एकटी राबत्या," त्या म्हणायच्या, "आणि ढुंगण नुसतं बसून खातंय. त्येला कामाला लाव, कंबर आपोआप गप बसंल." डांबरावर पळायचं नाही. रविवारी त्या आम्हाला सांबऱ्याकडे न्यायच्या. तिथं शेतांच्या कडेनं मऊ मातीच्या वाटा आहेत. डोक्यावरून एखादं विमान विमानतळाकडे उतरत असायचं आणि खाली आम्ही शिट्टीच्या तालावर एक मिनिट पळत, दोन मिनिटं चालत. नियम एकच. दुखणं तीनपर्यंत असेल तर पळायचं, चार झालं की चालायचं, पाच झालं की सरळ घरी. त्यात सूट नाही. एकदा मी चारला तीन म्हणाले, तर माझ्या चालीकडे बघूनच त्यांनी ओळखलं. "मला फसव. पर तुझ्या पायाला फसवू नको. त्यो लक्षात ठेवतोय," म्हणाल्या आणि मला परत पाठवलं.

आठ महिन्यांत मी पाच किलोमीटर न थांबता पळाले. दीड वर्षात एकवीस. निपाणीला मामेबहिणीच्या लग्नाला गेले तेव्हा दीड-दोन तास बसमध्ये बसून राहिले, उतरताना दांडा धरला नाही, आणि हे माझ्या लक्षात आलं ते मांडवात पोचल्यावर. तिथूनच आक्कांना फोन केला. त्या बराच वेळ हसत होत्या. म्हणाल्या, "आता बेचाळीस पळायचं. तू आणि मी."

त्यांची एक गोष्ट शहरात पळणाऱ्या सगळ्यांना पाठ होती. आम्हा बायकांना तर त्यांनी ती कितीदा सांगितली असेल. पन्नाशीत त्यांचा उजवा खुबा खराब झाला. डॉक्टरांनी सांगितलं, सांधा बदला. "मी म्हनलो, बदलायचंच आसलं तर आधी डॉक्टर बदलतो!" आणि मग व्यायामावर, चालण्यावर, जिद्दीवर त्या परत उभ्या राहिल्या. या गोष्टीसाठी त्यांचे सत्कार व्हायचे. शाळा त्यांना बोलवायच्या, महिला मंडळं बोलवायची. समोर बसलेल्या, कंबर धरून आलेल्या बायकांचे चेहरे ती गोष्ट ऐकताना बदलत, ते मी पाहिलं आहे. माझाही तसाच बदलला असणार.

पुढच्या उन्हाळ्यात मला जांघेत कळ यायला लागली. कंबरेचं दुखणं मी ओळखत होते, हे वेगळं होतं. रिक्षात चढताना, पायात चप्पल सरकवताना आत काहीतरी चिमटल्यासारखं व्हायचं. आक्कांना सांगितलं तर त्यांनी तोंडातली शिट्टी काढली. नंतर म्हणाल्या, "जांघेत? नक्की जांघेतच?" मला वाटलं, काळजीनं विचारतायत.

हाडांच्या डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे काढला. माझ्या उजव्या खुब्याची वाटी जन्मापासूनच उथळ होती. आईला जे बदकासारखं चालणं वाटायचं ते हेच होतं, आणि कंबर इतकी वर्षं त्याचाच भार ओढत होती. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगत होते. "आत्ता सांधा चांगला आहे. ऑपरेशन करून ही वाटी फिरवून बसवता येईल, म्हणजे सांधा तुमचाच राहील. पण उशीर केला आणि तो झिजला, तर मग बदलण्याशिवाय इलाज नाही. पळणं तर आत्ताच थांबवा."

मी एक्स-रे घेऊन तशीच टिळकवाडीत आक्कांच्या घरी गेले. त्यांनी तो खिडकीच्या उजेडाला धरला. किती वेळ धरला असेल कुणास ठाऊक. गॅसवर चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"आपरेशन न्हाय करायचं," त्या म्हणाल्या.

"पण डॉक्टर म्हणतात सांधा झिजेल."

"मलाबी म्हनलेते. हेच्यापेक्षा वाईट फोटो हुता माझा. हाय न्हवं मी तुझ्यापुढं उभी? पळतोय न्हवं?" त्यांनी एक्स-रे पाकिटात घालून माझ्या हातात दिला. "एकदा का त्यांनी हाडाला हात लावला की माणूस आपला ऱ्हात न्हाय, मंजू. माझं ऐक."

माझ्या नवऱ्यानं, दीपकनं, महिनाभर वाद घातला. "डॉक्टर शिकलेला माणूस आहे," तो म्हणायचा. "आक्का भोगलेल्या आहेत," मी म्हणायचे. मी ऑपरेशनला नाही म्हटलं आणि पुन्हा मैदानावर गेले.

पुढची दोन वर्षं आठवली की एक गोष्ट मला अजून टोचते. आक्कांनी आपला नियम बदलला. हळूहळू, मला कळू न देता. आधी त्या म्हणाल्या, चारला सावकाश पळालं तर चालतंय. मग पाचला चालत जा, पण अंतर पूर्ण कर. ज्या बाईनं मला तीनच्या वर एक पाऊल टाकू दिलं नव्हतं, तीच आता दुखणं किती हे विचारायचंच टाळत होती. मीही सांगायचं सोडलं. सकाळी मोजे घालताना मला पलंगाच्या कडेला टेकून पाय मागून वर घ्यावा लागे. मला वाटायचं, जिद्द कमी पडतेय.

बंगळुरूला एक मॅरेथॉन होती. आम्ही दोघींनी नावं नोंदवली. मी कधी विमानात बसले नव्हते, म्हणून आक्कांनी हट्टानं विमानाची तिकिटं काढायला लावली. ज्या शेतांतून विमानं बघत पळालो त्याच सांबऱ्याहून आम्ही निघालो. तपासणीच्या रांगेत त्या म्हणाल्या, "तू पुढं हो. जाऊन दोन जागा धर जा."

मी गेले. माझी तपासणी झाली, बूट घातले, पर्स घेतली आणि चार पावलं गेल्यावर लक्षात आलं की बोर्डिंग पास ट्रेमध्येच राहिलाय. परत वळले. तेवढ्यात आक्का धातू तपासणाऱ्या चौकटीतून आत आल्या आणि यंत्र वाजलं. महिला शिपायानं त्यांना पडद्याआड नेलं. मी पडद्याला लागूनच उभी होते.

"मॅडम, कुछ है क्या अंदर? रॉड, प्लेट?"

"हाँ. हिप रिप्लेसमेंट है, राइट साइड," आक्कांचा आवाज आला. अगदी सहज, रोज सांगतात तसा. "दस साल हो गए. ये कार्ड देखो."

मी पडद्याच्या बाजूनं बघितलं. प्लॅस्टिकमध्ये घातलेलं ते दवाखान्याचं कार्ड वापरून वापरून कडांना पिवळं पडलं होतं. त्या बाहेर आल्या आणि समोर मी.

आम्ही आत जाऊन बसलो. त्यांनी नेहमीप्रमाणे उंच खुर्ची शोधली. उजवा पाय पुढं सरळ ठेवून, हातांवर भार देऊन बसल्या. शेकडो वेळा बघितलेलं ते बसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते. कधी मांडी घातली नाही, कधी उकिडव्या बसल्या नाहीत. लोखंडाची बाई! आम्ही हसत होतो तेव्हा त्या आम्हाला खरं तेच सांगत होत्या.

"दहा वर्षं?" मी विचारलं.

"व्हय."

"मग ती सगळी गोष्ट..."

"शाळेत सांगितलो, पडून पाय मोडला. हुबळीला लेकीकडं हाय म्हणून. खुबा बदललेली बाई पी.टी.ला ठिवतील काय? डॉक्टर खुब्याचं आपरेशन सांगितल्यालं हेडमास्तरांच्या कानावर आधीच हुतं. दोन महिन्यांनी परत आलो तर त्ये प्रार्थनेला पोरांस्नी सांगायले, बघा, डॉक्टर आपरेशन सांगितले तरी ह्या बाई जिद्दीनं बऱ्या झाल्या. पोरं टाळ्या वाजवायलीत. मी तिथं काय बोलणार? गप ऱ्हायलो. पुढं मग गप ऱ्हायचं सोपं झालं. त्येच्याबी पुढं मीच सांगायला लागलो."

"ते तुमचं झालं, आक्का. माझ्या एक्स-रेचं काय? मला का नाही करू दिलंत?"

त्या काचेबाहेर बघत होत्या. बाहेर विमानात सामान चढवत होते.

"तुझं झालं असतं तर दवाखान्यात तुला सगळं शिकवले असते. कसं बसायचं, कसं उठायचं, उशी कुठं ठिवायची. घरी आल्यावर तू आठ दिवसांत मला वळखली असतीस."

"एवढ्यासाठी?"

"तवा मला एवढंच दिसलं," त्या म्हणाल्या. आणि मग, माझा हात हातात घ्यायला बघत, "नंतर बोलू की. उद्या पळायचं हाय."

मी हात काढून घेतला. विमानात खिडकीची जागा माझी होती. खाली सांबऱ्याची शेतं छोटी होत गेली आणि मी रडत होते. शेजारी बसलेल्या गंगाक्का पुढच्या खिशातलं मासिक उघडून बसल्या होत्या. पान उलटलं नाही त्यांनी, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पळायला गेल्या. मी गेले नाही. त्या पळत असतानाच मी बेळगावची बस धरली आणि दिवसभर त्या सीटवर कूस बदलत घरी आले.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझे दोन्ही एक्स-रे, जुना आणि नवा, उजेडावर शेजारी शेजारी लावले. "मधली दोन वर्षं कुठे होता तुम्ही?" त्यांनी विचारलं. "पळत होते," मी म्हणाले. वाटी फिरवण्याची वेळ गेली होती. सदतिसाव्या वर्षी माझा खुबा बदलला. पुढं तोही कधीतरी झिजेल आणि पुन्हा बदलावा लागेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. चालायचं, पोहायचं, सायकल चालवायची. पळायचं नाही.

ऑपरेशननंतर घरी येऊन आठ दिवस झाले होते. सकाळी आई माझ्याजवळ बसली होती, आणि दारात गंगाक्का. हातात सफरचंदांची पिशवी, गळ्यात शिट्टी. मी तोंड फिरवलं नाही. त्यांनी एक नजर माझ्या पलंगावर टाकली आणि सरळ कामालाच लागल्या. पलंगाच्या चारी पायांखाली विटा घालायला लावल्या, उंच हवा म्हणून. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवली. "उठताना पुढं वाकायचं न्हाय. आधी ह्यो पाय सरळ कर, मग हातावर भार दे. आता ऊठ." त्यांच्या हाताला धरून मी उठले. दवाखान्यात शिकवलं होतं तेव्हा जमलं नव्हतं, तितकं सोपं झालं.

आई बघत होती. "गंगाक्का, तुम्हास्नी हे समदं कसं वो ठाऊक?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वाचलोय की पुस्तकात," म्हणाल्या.

माझ्या देखत, माझ्या पलंगाशी उभ्या राहून. आणि मी काय केलं? मी पाण्याचा पेला उचलला आणि पाणी प्याले. आईला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. का सांगितलं नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्या चहा न घेता गेल्या. सफरचंदं आईनं मुलींना चिरून दिली.

त्यानंतर वर्षभर आमची गाठ नव्हती. मग एक दिवस कॉलेजात फोन आला. निपाणीची सविता, शाळेत शिक्षिका, एकोणतीस वर्षांची. दर रविवारी गंगाक्कांकडे पळायला यायची. माझा नंबर तिनं दुसऱ्या कुणाकडून मिळवला होता. "मॅडम, मला खुब्याचं ऑपरेशन सांगितलंय. वाटी उथळ आहे म्हणतात. आक्का नको म्हणतात. त्यांनी स्वतः केलं नव्हतं ना, म्हणून. तुम्ही मात्र केलंत म्हणे, म्हटलं एकदा विचारावं."

माझ्या हातातली काचेची नळी मी हळूच स्टँडमध्ये ठेवली.

त्याच संध्याकाळी टिळकवाडीत गेले. आक्का दारात आल्या. वर्षभरात वाळल्या होत्या. मी आत गेले नाही.

"सविताला तुम्ही सांगा," मी म्हणाले. "नाहीतर मी सांगते."

त्या बराच वेळ दाराच्या कडीशी चाळा करत राहिल्या. "तिलाबी नको म्हनलो मी," त्या म्हणाल्या, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगत होत्या. "सवय लागली गं." मग मान वर करून, "मी सांगतो. माझ्या तोंडानं सांगतो. रविवारी दोघी जाऊ निपाणीला. सकाळी आठला स्टँडवर ये."

"नक्की?"

"येतो म्हनलो न्हवं."

मला किती बरं वाटलं होतं! रविवारी मी पावणेआठलाच बसस्टँडवर पोचले. आक्कांसाठी दाराजवळची, पाय लांब करता येईल अशी जागा कुठली, हेही बघून ठेवलं होतं. आठची बस गेली. साडेआठची गेली. फोन केला तर बंद. आणखी एक बस सोडली. मग एका रिक्षावाल्याला म्हटलं टिळकवाडी, आणि परत म्हटलं राहू दे. दाराला कुलूप असलं तर ते मला बघायचं नव्हतं, आणि कुलूप नसलं तर मुळीच बघायचं नव्हतं. साडेनऊच्या बसमध्ये एकटीच बसले. संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट उतरला. सांगायचं काय आणि कसं, हे काही ठरत नव्हतं.

सविता भाड्याच्या दोन खोल्यांत आईबरोबर राहायची. तिनं चटई अंथरली, मी खुर्ची मागितली. तिनं एक्स-रे काढून दिला. मी तो खिडकीच्या उजेडाला धरला आणि मला माझाच जुना एक्स-रे दिसला, वाटी तशीच उथळ आणि सांधा अजून चांगला.

"कर," मी म्हणाले. "या महिन्यातच कर."

"पण आक्का..."

"आक्कांचा खुबा बदललेला आहे, सविता. मी त्यांना भेटायच्या कितीतरी आधीच."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तिच्या चेहऱ्यावर चाललेलं मला दिसत होतं. मी तिच्या जागी असते तर ठेवला नसता. म्हणून मी तिला आतल्या खोलीत नेलं, साडी बाजूला करून मांडीवरची शस्त्रक्रियेची खूण दाखवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. दहापैकी किती, इथपासून. तिची आई दारात उभी राहून ऐकत होती. गोष्ट संपली तेव्हा तीच आधी बोलली. "मग त्या बाईनं माझ्या लेकीला का नको म्हटलं?" सविता रडत होती, पण ती खुब्यासाठी रडत नव्हती, हे मला ठाऊक होतं.

सविताचं ऑपरेशन झालं. वाटी फिरवून बसवली, सांधा तिचाच राहिला. सहा महिन्यांनी तिनं मला चालतानाचा व्हिडिओ पाठवला. पुढं पळेल की नाही, डॉक्टर बघू म्हणतात.

गंगाक्कांचा फोन त्यानंतर एका दुपारी आला. मी प्रयोगशाळेत एकटी होते.

"तू सांगितलीस सविताला."

"सांगितलं. तुम्ही आला नाहीत."

"स्टँडपतोर आलतो," त्या म्हणाल्या. "तू खांबाला टेकून उभी हुतीस, निळ्या साडीत. पलीकडनं बघितलो तुला. मग परत गेलो."

मी निळीच साडी नेसले होते. तीन बसेस जाईपर्यंत त्या समोर कुठेतरी उभ्या होत्या आणि मी त्यांच्यासाठी जागा बघत होते. हे ऐकून मला जो राग आला तसा विमानतळावरही आला नव्हता.

"तिला माझ्याबद्दल काय सांगितलीस?"

"जे झालं तेवढंच."

"भित्री म्हनलीस?"

"नाही."



"म्हणायचं हुतंस," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी परत फोन केला नाही. त्यांनीही केला नाही.